ब्रिटनमधील घरगुती ऊर्जा दर : तुलना, निश्चित दराचा करार आणि नियमन (१९४८ ते २०२३)

प्रस्तावना :

विजेचे किंवा गॅसचे देयक ही वरकरणी प्रत्येक कुटुंबाची खाजगी बाब वाटते. तथापि दर कोणी ठरवावा, तो किती काळ स्थिर राहावा आणि वाढीचा भार कोणी सोसावा, या तीन प्रश्नांना राज्यसंस्थेने वेळोवेळी दिलेली उत्तरेच देयकातील आकड्यांत उमटलेली असतात. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथील घरगुती ग्राहकास १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपला पुरवठादार निवडण्याचा अधिकार मिळाला. ग्राहक दरांची तुलना करील, महाग पुरवठादारास सोडील आणि त्यामुळे दर आपोआप आटोक्यात राहतील, अशी या धोरणामागील धारणा होती. प्रत्यक्षात सुमारे वीस वर्षांनंतर, २०१९ मध्ये, त्याच देशाला कायद्याने दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. ग्राहकाला दरांची तुलना करावयास सांगण्यात आले. परंतु त्या दरांमागे दडलेल्या जोखमीची तुलना करण्याचे साधन त्याच्या हाती देण्यात आले नाही, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दराची रचना आणि राष्ट्रीयीकरणाचा काळ :

वीजदराच्या आजच्या रचनेचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. वीजपुरवठ्याचा खर्च दोन प्रकारचा असतो, हे अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये स्पष्ट केले. ग्राहकाने वीज वापरो वा न वापरो, ती पुरविण्याची सज्जता ठेवण्याचा एक खर्च आणि प्रत्यक्ष वापरानुसार होणारा दुसरा खर्च. देयकातील ‘स्थिर आकार’ आणि ‘प्रतियुनिट दर’ ही विभागणी याच विचारातून रूढ झाली. त्याच सुमारास नाणे टाकून चालणाऱ्या गॅस मीटरमुळे कामगारवर्गाच्या घरी गॅस पोहोचला. आगाऊ पैसे भरून ऊर्जा वापरणारा हा गरीब ग्राहक या इतिहासात पुढेही वारंवार भेटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये विजेचे व १९४९ मध्ये गॅसचे राष्ट्रीयीकरण झाले. प्रादेशिक मंडळे दर ठरवीत आणि त्या प्रदेशातील कुटुंबे ते भरीत. १९७८ मध्ये रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त विजेची ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजना आली. कुटुंबापुढे मर्यादित पर्याय असला तरी पुरवठादार एकच होता. इंधनाच्या किमतीतील चढउतारांची जोखीम मंडळे, शासन आणि सर्व ग्राहक यांच्यात विभागली जात असे. ती एकट्या कुटुंबाच्या निर्णयावर अवलंबून नव्हती.

खाजगीकरण आणि निवडीचा अधिकार :

डिसेंबर १९८६ मध्ये ‘ब्रिटिश गॅस’चे भागभांडवल खुल्या बाजारात विकण्यात आले. १९८९ च्या वीज कायद्यानंतर डिसेंबर १९९० मध्ये इंग्लंड व वेल्समधील बारा प्रादेशिक वीज कंपन्यांचेही खाजगीकरण झाले. मक्तेदारी कायम असेपर्यंत ग्राहकाचे रक्षण व्हावे म्हणून किरकोळ महागाईच्या निर्देशांकातून ठरावीक टक्के वजा करून दरवाढीची मर्यादा ठरविण्याचे सूत्र वापरले गेले. हे सूत्र अर्थतज्ज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये दूरसंचार क्षेत्रासाठी सुचविले होते. पुढे तेच वीजपुरवठ्याचे पहिले नियामक झाले. स्पर्धा येईपर्यंतची तात्पुरती व्यवस्था, असेच या नियंत्रणाचे स्वरूप त्यांना अभिप्रेत होते.

घरगुती गॅसमधील स्पर्धा १९९६ मध्ये नैऋत्य इंग्लंडमधून सुरू होऊन १९९८ पर्यंत सर्वत्र पोहोचली. विजेच्या बाबतीत हीच प्रक्रिया सप्टेंबर १९९८ ते मे १९९९ या काळात पूर्ण झाली. १९९९ मध्ये गॅस व वीज यांच्या नियामक कार्यालयांचे एकत्रीकरण होऊन ‘ऑफजेम’ ही संस्था आकारास आली. एप्रिल २००२ मध्ये किरकोळ दरांवरील उरलेले नियंत्रणही उठविण्यात आले. तेव्हापासून योग्य दराची जबाबदारी नियामकाकडून ग्राहकाच्या दक्षतेकडे गेली.

तुलनेतील अडचणी :

दरांची तुलना दिसते तितकी सोपी नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका योजनेत रोज २० पेन्स स्थिर आकार व प्रतियुनिट २० पेन्स दर आहे. दुसरीत स्थिर आकार नाही, पण प्रतियुनिट २३ पेन्स दर आहे. पहिल्या योजनेचा वार्षिक स्थिर आकार ७३ पौंड होतो. म्हणून वर्षाला सुमारे २,४३३ युनिटपेक्षा कमी वापर असणाऱ्यास दुसरी योजना स्वस्त पडते आणि अधिक वापर असणाऱ्यास पहिली. म्हणजेच स्वतःच्या वार्षिक वापराचा आकडा ठाऊक नसेल, तर नुसत्या दराच्या तुलनेला अर्थ उरत नाही.

ख्रिस विल्सन व कॅथरीन वॉडम्स प्राइस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, केवळ स्वस्त दरासाठी पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकांना, एकूण विचार करता, शक्य असलेल्या लाभाचा निम्माही हिस्सा मिळाला नाही. किमान १७ टक्के ग्राहकांचे तर बदलामुळे नुकसानच झाले. पुढे स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने जून २०१६ च्या अंतिम अहवालात नोंदविले की, सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक कोणताही करार न निवडणाऱ्यास आपोआप लागू होणाऱ्या बदलत्या दरावरच होते. २०१२ ते २०१५ या काळात ग्राहकांनी सरासरी वर्षाला सुमारे १.४ अब्ज पौंड जादा भरल्याचा अंदाज प्राधिकरणाने दिला. जागरूक ग्राहकाला मिळणाऱ्या सवलतीचा भार अशा रीतीने निष्क्रिय ग्राहकावर पडत होता. आणि त्या निष्क्रियांत अल्प उत्पन्न गटातील, वृद्ध व अल्पशिक्षित ग्राहकांचे प्रमाण लक्षणीय होते.

तुलना सुलभ व्हावी म्हणून प्रत्येक पुरवठादाराने चारच योजना ठेवाव्यात, असा नियम नियामकाने त्यापूर्वी केला होता. त्याने स्पर्धा आकुंचित होते, असे सांगून प्राधिकरणाने तो रद्द करण्याची शिफारस केली. दरमर्यादा मात्र त्यांनी आगाऊ पैसे भरणाऱ्या मीटरधारकांपुरतीच सुचविली व ती एप्रिल २०१७ मध्ये लागू झाली. चौकशी मंडळातील प्रा. मार्टिन केव्ह यांनी मर्यादा अधिक व्यापक असावी, असे भिन्न मत नोंदविले. अखेर संसदेने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१९ पासून सर्व बदलत्या दरांवर मर्यादा आली. सर्वसाधारण वापराच्या कुटुंबासाठी ती वर्षाला १,१३७ पौंड होती. ही मर्यादा स्थिर आकार व प्रतियुनिट दर यांवर होती, एकूण देयकावर नव्हे.

निश्चित दराचा करार : २०२१ ते २०२३ चा अनुभव :

निश्चित दराच्या करारात ठरावीक मुदतीपर्यंत स्थिर आकार व प्रतियुनिट दर बदलत नाहीत. ग्राहक येथे वस्तुतः एक प्रकारचा विमा घेत असतो. दर वाढल्यास त्याचा लाभ होतो. दर उतरल्यास तो चढ्या दरात अडकतो किंवा मुदतपूर्व बाहेर पडण्याचे शुल्क भरतो.

२०२१ च्या उत्तरार्धात घाऊक बाजारातील गॅसच्या किमती अकस्मात वाढल्या. अनेक लहान पुरवठादारांनी ग्राहकांना स्वस्त दराची हमी दिली होती; परंतु तेवढ्या ऊर्जेची आगाऊ खरेदी केलेली नव्हती. पंचवीसहून अधिक कंपन्या बंद पडल्या. त्यांच्या ग्राहकांचा पुरवठा खंडित झाला नाही, जमा रकमाही सुरक्षित राहिल्या. मात्र निश्चित दर संपुष्टात आला आणि नव्या पुरवठादाराचा दर लागू झाला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार या स्थलांतराचा सुमारे २.७ अब्ज पौंडांचा खर्च सर्वच ग्राहकांच्या देयकांतून वसूल होणार होता. विमा देणारी संस्थाच दुर्बळ असेल, तर विम्याचे मोल काय, हा प्रश्न या घटनेने उभा केला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर संकट तीव्र झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड असलेली मर्यादा एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ पौंडांवर गेली आणि जानेवारी २०२३ साठी ती ४,२७९ पौंड ठरली. शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून सर्वसाधारण कुटुंबाचा खर्च सुमारे २,५०० पौंडांवर रोखून फरक सार्वजनिक निधीतून भरला. जुलै २०२३ मध्ये मर्यादा २,०७४ पौंडांपर्यंत उतरली. २०२१ च्या उन्हाळ्यात भक्कम कंपनीशी दोन वर्षांचा करार करणारा लाभात राहिला. २०२२ च्या उन्हाळ्यात घाबरून चढ्या दराने दीर्घ करार करणाऱ्यास मात्र पुढील उतार व शासनाचा हस्तक्षेप यांचा अंदाज घेणे शक्य नव्हते. दोघांच्या शहाणपणात फरक होता असे म्हणता येत नाही. फरक काळाचा होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

२००३ च्या भारतीय वीज कायद्यानेही स्पर्धेचे तत्त्व स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जुलै २००८ च्या निर्णयानंतर आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशानंतर मुंबई उपनगरांतील घरगुती ग्राहकास, वाहिन्या जुन्याच कंपनीच्या ठेवून, दुसऱ्या कंपनीची वीज घेता येऊ लागली. मात्र येथे दोन्ही कंपन्यांचे दर आयोगच ठरवितो. किंमतवाढीची जोखीम ‘इंधन समायोजन आकारा’च्या रूपाने ग्राहकाकडे येते आणि ती टाळणारा निश्चित दराचा करार त्याला उपलब्ध नाही. किरकोळ वीजपुरवठ्यात स्पर्धा वाढविण्याचा विचार करताना ब्रिटनचा अनुभव म्हणूनच दखलपात्र ठरतो.

निष्कर्ष :

१) निवडीचा अधिकार औपचारिकपणे सर्वांना मिळाला; पण त्याचा उपयोग माहिती, वेळ व शिक्षण असणाऱ्यांनाच अधिक झाला.

२) दरांची तुलना वार्षिक वापर, स्थिर आकार, मुदत व बाहेर पडण्याचे शुल्क यांसह केली, तरच ती अर्थपूर्ण ठरते.

३) निश्चित दराचा करार ही बचतीची हमी नसून जोखमीचे हस्तांतरण आहे. दरवाढ सोसण्याची ज्या कुटुंबाची ऐपत नाही, त्याला थोडा अधिक दर देऊनही ते हितकारक ठरू शकते.

४) मोठ्या संकटात ही जोखीम शेवटी शासन व समस्त ग्राहक यांच्याकडेच परत आली. राष्ट्रीयीकरणाच्या काळात जी जोखीम उघडपणे सामूहिक होती, ती स्पर्धेच्या काळात वैयक्तिक भासली एवढेच. ती सामूहिक असल्याचे २०२२ च्या हिवाळ्याने पुन्हा सिद्ध केले.