मुंबईवाले येण्याआधीची दुपार

रत्नागिरी म्हटलं की मोबाइलवर आधी काय दिसतं? आंबा, समुद्र, थिबा राजवाडा आणि मग कुणाच्या तरी आजोळच्या अंगणातला सुट्टीचा रील. लाल माती, ओटीवरचा झोपाळा, फणस फोडणारे तेलकट हात. बघायला छान वाटतं. पण हे सगळं सुट्टीला आलेल्या माणसाने टिपलेलं असतं. जे त्या घरात बारा महिने राहत होते, त्यांचा मे महिना कसा जायचा?

घरात एक आजी, एक आई, दोन-तीन लहान मुलं. आणि मुलांचा बाप मुंबईला. शंभराहून अधिक वर्षं या जिल्ह्यातल्या हजारो घरांचा साधा दिवस असाच सुरू झाला आणि असाच संपला. त्याचा इतिहास कुणी सलग लिहून ठेवलेला नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये इथे नजरकैदेत आला, तेव्हा त्याच्या घरखर्चाच्यासुद्धा सरकारी नोंदी झाल्या. शेजारच्या कौलारू घरात कोण काय खातंय याची नोंद सरकार कशाला ठेवेल?

तरीही शोधलं तर तो दिवस सापडतो. थोडा जनगणनेच्या तक्त्यात, थोडा पोस्टाच्या मनीऑर्डरीत, थोडा बोटीच्या वेळापत्रकात आणि बराचसा स्वयंपाकघरातल्या बरण्यांत.

एक चमत्कारिक आकडा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र ११२२. त्याआधी २००१ मध्ये तर ११३६. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटेल, वा, मुलींना जपणारा जिल्हा दिसतोय! पण त्याच तक्त्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा रकाना बघा. तिथे हा आकडा हजाराच्या खाली येतो. म्हणजे लहानपणी मुलगे जास्त आहेत, आणि मोठेपणी ते कुठेतरी जातात. कुठे, ते सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनांतही रत्नागिरीत बायका जास्त आणि पुरुष कमीच आहेत.

याची सुरुवात शेतीपासून होते. डोंगरउतारावरची तुकड्या-तुकड्यांची जमीन, पावसाळ्यातलं भाताचं एकच पीक आणि त्यातला वाटा खोताला. खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. एवढ्याशा भातावर वर्ष निघत नसे. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणी काढली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि त्यांत काम करणाऱ्यांत रत्नागिरीकरांचा वाटा सर्वांत मोठा राहिला. बाकीचे कुणी फलटणीत, कुणी पोलिसांत, कुणी गोदीत, कुणी शाळामास्तर.

पण गिरणीचा पगार एका माणसाला मुंबईत जगवण्यापुरता होता. बायको-मुलांना तिथे ठेवण्यापुरता नव्हता. म्हणून गावच्या मंडळाच्या एका खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवायला खानावळ लावायचे. मुलांना वाढवणं, सुनेचं बाळंतपण, म्हाताऱ्यांचं दुखणं-खुपणं आणि पुढे स्वतः कामगाराचं म्हातारपण, एवढं सगळं रत्नागिरीतल्या घराने उचललं. मुंबईचं कापड स्वस्तात विणलं गेलं, त्यात या घराचाही हात होता.

आता त्या घरातला एक दिवस बघू. साल साधारण १९६० च्या आसपासचं धरा. मे महिना, मिरग लागायला तीन-चार आठवडे बाकी.

सकाळ

उजाडायच्या आत आई विहिरीवर. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. कारण पायाखाली जांभा दगड आहे, सच्छिद्र. पाणी त्याच्यातून झिरपतं, उतारावरून वाहतं आणि समुद्राला मिळतं. मे महिन्यात वाडीतल्या चार घरच्या बायका एकाच विहिरीवर जमतात. पाणी हळूहळू साठायची वाट बघत बसावं लागतं, आणि तेवढ्यात गावभरच्या बातम्या कळतात.

मुलं उठली की पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेलं सुकट. थोरली मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर धाकटं भावंडं तिच्या कडेवर. आई रानात लाकडांना किंवा भाजावळीला गेली की तीच घरातली आई. अनेक मुलींची शाळा जी सुटली, ती या कडेवरच्या ओझ्याने सुटली. सुट्टीत मुलांना काय करमणूक द्यायची, हा प्रश्न त्या घराला पडत नसे. मुलाला जेवढं उचलता येईल तेवढं काम त्याच्या वाट्याला यायचं.

अर्थात 'रत्नागिरीचं घर' असं एकच काही नव्हतं. कुणब्याच्या घरात शेत भाजायची घाई, ब्राह्मणाच्या घरात आंबा-काजूचा हिशोब, राजिवड्या-मिरकरवाड्याकडे मासळी सुकवायची लगबग. कुणाच्या घरावर मंगलोरी कौलं, कुणाच्या घरावर गवत. सगळ्यांना सारखी होती ती एक तारीख. पाऊस पडायच्या आत चार महिन्यांचं घर भरायचं.

दुपारचे राखणदार

या भरण्याला आगोटीची बेगमी म्हणतात. पावसात ओढे भरले की वाट बंद, समुद्र खवळला की मासे बंद, बाजार दूर. म्हणून ऊन आहे तोवर ते वापरून घ्यायचं. रातांबे फोडून बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. तेव्हा कुठे काळीभोर आमसुलं होतात. बरक्या फणसाचा रस थापून फणसपोळी, आंब्याची आंबापोळी, पोह्याचे पापड, सांडगे, मिरच्या. आठळ्या धुऊन-वाळवून ठेवायच्या. शेणी आणि लाकडं पडवीत रचायची. आषाढात जेव्हा भाजी नसते, तेव्हा या आठळ्या आणि सुकी मासळीच कालवणात पडते.

एवढं सगळं खळ्यात पसरलं की त्याला राखण लागते. ते काम मुलांचं. हातात काठी, डोक्यावर टॉवेल, पडवीच्या सावलीत बसून कावळे हाकायचे. राखणदारच चोर असल्यामुळे आंबापोळीच्या कडा संध्याकाळपर्यंत कुरतडलेल्या निघायच्या आणि आजी कावळ्यांना शिव्या घालायची. खरा कावळा कोण, ते तिलाही माहीत असायचं.

मुलांचा खाऊसुद्धा या दुपारीच मिळायचा, आणि फुकट. करवंदं, जांभळं, काजूची बोंडं, भाजलेले काजूगर. काजू भाजताना उडणाऱ्या तेलाने बोटांची सालं निघत, तरी दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा चुलीपाशी हजर.

आणि आंबा? इथे एक गंमत आहे. हापूस घरच्या झाडाचा असला तरी घरच्या मुलांसाठी नसायचा. झेल्याने अलगद काढलेला, डाग नसलेला हापूस लाकडी पेटीत, पेंढ्यात बसून क्रॉफर्ड मार्केटला जायचा. वर्षाचे रोख पैसे देणारं ते फळ होतं. मुलांच्या वाट्याला डागी, पडका, वाऱ्याने गळलेला किंवा मग रायवळ. रायवळाचा रस कोपरापर्यंत ओघळायचा आणि तोच खरा आंबा, असं मुलं शपथेवर सांगायची. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्याच्या चवीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या झाडाखाली वाढलेल्या मुलांनी पेटीतला पहिला आंबा कधी खाल्ला, हे कुणी विचारलं नाही.

पोस्टमन आणि बोट

दुपार कलली की एक नजर वाटेकडे असायची. मनीऑर्डरची पद्धत भारतात १८८० मध्ये सुरू झाली. या जिल्ह्यात लोक कोकणाला थट्टेने 'मनीऑर्डरवर चालणारा मुलूख' म्हणू लागले, ते उगाच नाही. फॉर्मच्या खाली मजकुरासाठी छोटीशी जागा असे. तेवढ्यात बापाने काय-काय बसवायचं? पैसे पाठवले आहेत, तब्येत बरी आहे, पोरांना सांभाळ. वाचता न येणाऱ्या घरात ते पोस्टमनच वाचून दाखवायचा. नवरा-बायकोतलं बोलणं असं तिसऱ्याच माणसाच्या तोंडून, अंगणात, सासूच्या समोर व्हायचं. मुलांना बापाचा आवाज आठवत नसला, तरी पोस्टमनचा आवाज ओळखीचा होता.

मग मे महिन्यात बाप स्वतः यायचा. रेल्वे नव्हती. एस.टी. आणि घाटाचे रस्ते हळूहळू वाढत होते, पण कितीतरी जण भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनेच यायचे. बोट रत्नागिरीला किनाऱ्यापासून लांब नांगर टाकायची आणि उतारू ट्रंका-वळकट्यांसकट पडावातून किनाऱ्याला लागायचे. बोटीची हौस होती तशी धास्तीही होती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या आयांच्या मनातून ते नाव पुढे कितीतरी वर्षं गेलं नाही.

घरात आलेल्या या माणसापासून धाकटं मूल पहिले दोन दिवस आईच्या पदराआड लपायचं. त्याला कळायचं नाही की पाहुणा इतका हक्काने का ओरडतोय. तिसऱ्या दिवशी पेपरमिंटच्या गोळ्यांनी तह व्हायचा. आठव्या दिवशी पोर त्याच्या खांद्यावर. पंधरा-वीस दिवसांत बापाला कौलं चाळायची असायची, गडगा नीट करायचा असायचा, लग्नकार्यं उरकायची असायची, देवाचं बघायचं असायचं. सुट्टी त्यालाही नव्हतीच म्हणा. आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत निघायलाच हवं. बंदरावर पोर रडायचं ते नेमकं अशा वेळी, जेव्हा त्याला बाप हा बाप वाटायला लागलेला असायचा.

घरी परतल्यावर आई रडत बसायची नाही. आकाश भरून आलेलं असायचं, आणि खळ्यात आमसुलं पसरलेली असायची.

१९८२ चा मे महिना

या सगळ्या व्यवस्थेची उलटी बाजू एकदा दिसली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मुंबईत बसून खायचं काय, म्हणून कितीतरी जण गावी परतले, कोकणात आणि घाटावर.

त्या वर्षीच्या मे महिन्यात घरोघरी बाप होता. मुलांना हवा होता तसा, रोज. पण मनीऑर्डर बंद होती. पोरांनी मुंबईचा खाऊ मागितला की कुणी बोलायचं नाही. बोटी-गाड्यांची वेळ झाली तरी कुणाची ट्रंक भरली गेली नाही. मग घराला कोणी तगवलं? बरण्यांतल्या आमसुलांनी, शेजारणीकडच्या उसन्या तांदळाने, दुसऱ्याच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरायला गेलेल्या बायकांनी. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अनेकांची गिरणी पुन्हा उघडली नाही. शंभर वर्षं मुंबईने जो भार या घरांवर टाकला होता, तो शेवटी पूर्णच त्यांच्यावर येऊन पडला.

'काही नाही, घरीच असते'

१९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. रात्री बसलं की सकाळी गावात. आता बाप व्हिडिओ कॉलवर रोज दिसतो, आंबापोळी पाकिटात मिळते, विहिरीवर पंप आहे. कष्ट कमी झाले, हे चांगलंच झालं. त्या दुपारींबद्दल हळवं होऊन पुन्हा कुणी रहाट ओढावा असं नाही.

पण एक रकाना अजून तसाच आहे. आपल्या जनगणनेत स्वतःच्या घरातलं स्वयंपाकपाणी, मुलांचं करणं, म्हाताऱ्यांचं बघणं एवढंच करणारी बाई 'काम न करणारे' या गटात मोजली जाते. २०१९ मध्ये सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं निघालं. पुरुष, जे करतात ते, ९७ मिनिटं. म्हणजे घड्याळाला जे दिसलं, ते तक्त्याला अजून दिसत नाही.

मोजणीला आलेल्या माणसाने ओटीवर बसून विचारलं, बाई, तुम्ही काय करता? तर कोकणातल्या हजारो बायकांनी पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर दिलं: काही नाही, घरीच असते. तो ते लिहून घेऊन पुढच्या घराकडे वळायचा. जाताना त्याला कोकम सरबत मिळायचं. ते ज्या रातांब्यांचं होतं, ते कुणी वेचले, फोडले आणि उन्हात जपले, हा प्रश्न त्याच्या कागदावर नव्हता.

यंदा गावी गेलात, तर तो प्रश्न तुम्ही आजीला विचारा. रेकॉर्डिंग चालू ठेवून विचारा. वेळ मात्र दुपारची निवडा. सकाळी तिला फुरसत नसते.