‘लक्ष देणे’ आणि ‘लक्ष लागणे’ : मराठवाड्याच्या अध्यापन-परंपरेतील अवधानाचा विचार

वर्गात ज्याचे चित्त ठरत नाही अशा विद्यार्थ्याविषयी मराठीत दोन वाक्ये रूढ आहेत. ‘हा लक्ष देत नाही’ हे एक आणि ‘ह्याचे लक्ष लागत नाही’ हे दुसरे. वरवर पाहता दोहोंचा अर्थ एकच आहे. परंतु त्यांच्या रचनेत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्या वाक्यात विद्यार्थी कर्ता आहे आणि न देण्याचा दोष त्याच्याकडे जातो. दुसऱ्या वाक्यात ‘लक्ष’ हेच कर्त्याच्या स्थानी असून विद्यार्थी षष्ठीत आहे. तेथे आरोप नाही, एका अवस्थेचे वर्णन आहे. ही अवस्था कशामुळे आली, असा प्रश्न दुसरे वाक्य उभा करते; पहिले तो मिटवून टाकते. बीड जिल्हा व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील अध्यापनाचा इतिहास पाहिला, तर या दोन दृष्टी कशा वेगळ्या झाल्या हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

प्राचीन मराठीत या अर्थाचा भारदस्त शब्द ‘अवधान’ हा होय. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी वक्ता श्रोत्यांकडे अवधानाची मागणी करतो. परंतु ती मागणी विनवणीच्या सुरात आहे, आज्ञेच्या नव्हे. श्रोत्याचे अवधान हे वक्त्याचे भांडवल आहे आणि ते मिळविण्याचे दायित्व वक्त्याचे आहे, अशी ही भूमिका आहे. गोदेच्या परिसरातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकाचा अखेरचा समास श्रोत्यांच्या अवलक्षणांना वाहिला आहे. देह सभेत बसला आहे आणि मन अन्यत्र गेले आहे, जांभया येत आहेत, झोप आवरत नाही, शरीराच्या व्यथा उठत आहेत, असे अनेक प्रकार तेथे आले आहेत. समर्थांचा सूर कठोर आहे खरा. तथापि अवधान सुटण्याची कारणे एक नसून अनेक असतात, हे त्या यादीवरून आपोआप सिद्ध होते.

अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांचे उदाहरण याहून वेगळे व अधिक बोलके आहे. पंचीकरणासारखा सूक्ष्म विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा वस्त्रावर ओव्या व आकृत्यांच्या रूपाने लिहिला. हीच त्यांची प्रसिद्ध ‘पासोडी’ होय. तिच्या निर्मितीचा हेतू कोणताही असो, केवळ कानांवर भार न टाकता डोळ्यांपुढे विषय उलगडून ठेवण्याची ही रीत अध्यापनाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

पंतोजींच्या शाळेची आठवण निघाली की छडी तेवढी डोळ्यांपुढे येते. छडी होती, आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्या शाळेत मुलाचे हात आणि वाणी बहुतेक वेळ कामात असत, ही गोष्ट छडीच्या आवाजात झाकली गेली. धूळपाटीवर अक्षर गिरवावे, मोडावे, पुन्हा गिरवावे. बोरूने कित्ता वळवावा. सायंकाळी परवचा म्हणावा. थोरल्या मुलाने धाकट्याकडून उजळणी करून घ्यावी, असा तो क्रम होता. अर्थबोध कमी आणि पाठांतर फार, हा त्या पद्धतीचा दोष होताच. पण नुसते निश्चल बसून ऐकत राहण्याची अपेक्षा तीत फारशी नव्हती. मद्रासच्या अनाथालयात काम करताना अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले आणि ती रीत उचलली. मुलांनीच मुलांना शिकविण्याच्या योजनेसह त्यांनी १७९७ साली तिचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला.

पुढे इयत्तावार वर्ग, ठरावीक तास, तपासणी व परीक्षा यांची घडी बसली. शिक्षणाचा विस्तार त्यामुळेच शक्य झाला, हे नाकारता येत नाही. परंतु एकाने बोलावे आणि अनेकांनी स्तब्ध राहावे, हा वर्गाचा नमुना ठरला आणि अवधान हे विद्यार्थ्याचे कर्तव्य बनले. वस्तुतः विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात असे दाखविले होते की, प्रयत्नपूर्वक दिलेले लक्ष काही क्षणांपलीकडे सलग टिकत नाही. ते पुनःपुन्हा परत आणावे लागते आणि विषयाचे अंग पालटले तरच ते विषयावर राहते.

मराठवाड्यात या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर होता. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि वरच्या इयत्तांतील शिक्षण त्याच भाषेत चाले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला गणित व इतिहास परक्या भाषेतून ऐकावे लागत. अशा वर्गातील मूल खिडकीबाहेर पाहू लागले, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष मानावा काय? अंबाजोगाईस १९१७ साली स्थापन झालेल्या योगेश्वरी शाळेसारख्या संस्थांचे महत्त्व राष्ट्रीय भावनेपुरते मर्यादित नाही. ऐकलेले समजणे ही अवधानाची पहिली अट असून ती अशा शाळांनी पूर्ण केली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली आणि मराठीला शाळेत तिचे स्थान मिळाले.

तथापि प्रश्न संपला नाही. त्याचे रूप पालटले. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव ज्या पट्ट्यात येते, तेथून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. बरोबर गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडी परतते, तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. मधले दुवे हरपल्यामुळे पुढचा पाठ त्याला उर्दू माध्यमाइतकाच परका वाटतो. मागे राहिलेल्या मुलांवर अनेकदा धाकट्या भावंडांची वा घरकामाची जबाबदारी पडते. शिणलेले मूल डुलकी घेते. हरवलेले मूल शेजाऱ्याची खोडी काढते. हजेरीपटावर दोघेही उपस्थित असतात.

काही मुलांची चंचलता याहून निराळी, मेंदूच्या विकासाशी निगडित असते. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले आणि १९८० पासून ‘अवधान-न्यूनता’ हे नाव वैद्यकात रूढ झाले. तिचे निदान तज्ज्ञ वैद्यानेच करावयाचे असते. प्रत्येक चुळबुळ्या मुलाला ते नाव देणे जितके अनुचित, तितकेच ज्याला खरी गरज आहे त्याला ‘द्वाड’ म्हणून सोडून देणे घातक होय.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणावे, याचे उत्तर कायदा देत नाही. ते उत्तर बऱ्याच अंशी परंपरेतच आहे. अशा विद्यार्थ्याला फळ्याजवळ व शिक्षकाच्या दृष्टीपुढे बसवावे. सूचना एका वेळी एकच, थोडक्या शब्दांत व त्याच्या बोलीतील शब्द घेऊन द्यावी आणि त्याच्याकडून ती वदवून घ्यावी. दीर्घ पाठाचे लहान भाग पाडून प्रत्येक भागानंतर हाताला काम द्यावे: पाटीवर लिहिणे, मणी मोजणे, नकाशात गाव शोधणे. पुस्तके वाटण्याचे निमित्त देऊन त्याला उठू द्यावे. उजळणीसाठी जाणत्या सोबत्याशी जोडी लावावी. तो चुकला की सर्वांसमक्ष नाव घेण्याऐवजी जवळ जाऊन पानावर बोट ठेवावे, आणि थोडा वेळही चित्त ठरले तर ते त्याला सांगावे. आणि गावाबाहेर राहून आलेल्या मुलाला आधी विचारावे की, शेवटचे समजलेले कोणते. पाठ तेथून सुरू करावा.

यांतील एकाही उपायाला द्रव्य लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि अनेक इयत्ता एकाच शिक्षकाकडे असल्या की तोच दुर्मिळ असतो. ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यामुळे ‘लक्ष लागत नाही’ या वाक्याचे ‘लक्ष देत नाही’ असे रूपांतर करण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही. अवधान मागावे लागते, ही वक्त्याची जुनी जाणीव वर्गात परत येणे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.