गोष्टींचा तास आणि छापील पुस्तकाचा नियम

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात शंभर वर्षांपूर्वी एक नियम होता. बालविभागात मुलांना जी गोष्ट सांगायची, ती छापील पुस्तकातलीच असली पाहिजे. नियमामागचा हेतू सरळ होता: गोष्ट ऐकून भारावलेले मूल उठावे, कपाटाशी जावे आणि तीच गोष्ट असलेले पुस्तक घरी न्यावे. पण ज्या मुलांच्या गोष्टी कोणत्याच पुस्तकात छापलेल्या नाहीत, त्यांनी कपाटाशी जाऊन काय शोधायचे? हा प्रश्न त्या ग्रंथालयाला एका साहाय्यिकेमुळे पडला. तिची ही हकिगत. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सार्वजनिक ग्रंथालयात मुले असणे आज स्वाभाविक वाटते, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बहुतेक ग्रंथालये बारा-चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेशच देत नसत. मुले म्हणजे गोंगाट आणि मळके हात, असा समज होता. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट गावच्या ग्रंथपाल मिनर्व्हा सँडर्स यांनी या समजाला पहिला छेद दिला. मुलांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून त्यांनी खुर्च्यांचे पाय कापून घेतले. कनेक्टिकटमधील हार्टफर्डच्या कॅरोलाइन ह्यूइन्स यांनी १८८२ साली मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली आणि देशभरच्या ग्रंथालयांना पत्रे धाडून, मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून तुम्ही काय करता, अशी विचारणा केली. (याच कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथून सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणले आणि आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. तो इतिहास स्वतंत्र धाग्याचा आहे.)

या सगळ्या धडपडीला घडीव रूप दिले ॲन कॅरल मूर यांनी. १८९६ साली ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्याकडे मुलांची स्वतंत्र खोली सोपवण्यात आली. ठेंगणी टेबले, हाताला येतील अशी कपाटे, खिडकीत फुले, आणि कपाटातले पुस्तक स्वतः काढून पाहण्याची मुभा. १९०६ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या सर्व शाखांतील बालविभागांची सूत्रे त्यांच्या हाती आली. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०१ साली दिलेल्या बावन्न लाख डॉलरांतून शहरभर शाखांच्या इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येक शाखेत मुलांसाठी जागा ठेवली जाऊ लागली.

मूर यांनी सुरू केलेला एक रिवाज मला फार आवडतो. सभासद होण्यासाठी वयाची अट नव्हती. मुलाला आपले नाव लिहिता आले की पुरे. एका मोठ्या वहीत प्रतिज्ञा लिहिलेली असे: पुस्तके जपून वापरीन, ग्रंथालयाचे नियम पाळीन. तिच्याखाली मूल स्वतःच्या हाताने सही करी. ज्या घरात सही करण्याची वेळ फक्त भाडेकरारावर किंवा कारखान्याच्या हजेरीपटावर येत असे, त्या घरातल्या पाच-सहा वर्षांच्या पोराला कुणीतरी सन्मानाने लेखणी हाती द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि मग गोष्टींचा तास. ठरलेल्या दिवशी मुले अर्धवर्तुळात बसत. कथन करणारी मेणबत्ती लावी. ती तेवत असेतो बोलायचे फक्त तिने. गोष्ट संपली की मुलांनी मनात एक इच्छा धरायची आणि मेणबत्ती फुंकायची. दिवा फुंकून मालवू नये असे ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा खटकेल. तिथल्या मुलांना मात्र त्या फुंकरीचेच मोठे अप्रूप असे.

इथपर्यंत सारे मनोहर आहे. पण मूर यांच्या राज्यात काय वाचनीय आणि काय नाही, याचा निर्णय त्यांच्या अभिरुचीवर ठरे, आणि ती अभिरुची ठाम होती. १९४७ साली आलेले ‘गुडनाइट मून’ हे आज घराघरांत पोहोचलेले चित्रपुस्तक या ग्रंथालयाने तब्बल १९७२ पर्यंत विकत घेतले नाही. मूर १९४१ सालीच निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांच्या पसंती-नापसंतीचा दरारा पुढेही टिकून होता. दार उघडणारी माणसे पुष्कळदा दाराशी पहाराही देऊ लागतात.

आता हार्लेमकडे वळू. १३५व्या रस्त्यावरची शाखा १९०५ साली उघडली. पुढच्या पंधरा वर्षांत तो परिसर पालटला: दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे स्थायिक झाली, आणि त्यांच्या शेजारी पोर्तो रिकोहून आलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबेही. पोर्तो रिको हे बेट १८९८ च्या युद्धानंतर स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आले होते आणि १९१७ च्या कायद्याने तिथल्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते. नागरिकत्व मिळाले, पण भाषा परकीच राहिली. बेटावरच्या शाळांतून इंग्रजी लादली जात होती आणि न्यूयॉर्कमध्ये तर ग्रंथालयाची भव्य इमारत पाहूनच, हे आपल्यासाठी नाही, इथे इंग्रजीवाल्यांचे काम, असे समजून आया रस्त्यावरूनच पुढे जात.

या शाखेच्या ग्रंथपाल अर्नेस्टीन रोझ यांचे मत असे की, शाखेतील कर्मचारी त्या वस्तीतलेच असावेत. स्पॅनिश जाणणारी साहाय्यिका त्या शोधत होत्या. १९२० साली पुरा बेलप्रे नावाची तरुणी बहिणीच्या लग्नासाठी पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आली होती. विद्यापीठात शिकून शिक्षिका व्हायचा तिचा विचार होता. तो मागे पडला आणि ती काही काळ कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. रोझ यांनी आधी विचारणा केली ती तिच्या बहिणीला. बहिणीला ते जमण्यासारखे नव्हते. तिने पुराला पुढे केले. १९२१ साली पुरा बेलप्रे ग्रंथालयात रुजू झाल्या. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील त्या पहिल्या पोर्तो रिकन कर्मचारी.

बालविभागात काम करताना त्यांना एक गोष्ट जाणवली. लोककथांच्या कपाटात देशोदेशीच्या कथा होत्या, पण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेल्या पोर्तो रिकोच्या कथांपैकी एकही त्या कपाटात सापडेना. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, हे आपल्याला कोणत्या पुस्तकातून कळले ते आठवून पाहावे, म्हणजे बेलप्रे यांचे नेमके काय हरवले होते ते ध्यानात येईल.

१९२६ साली त्या ग्रंथालयाच्याच प्रशिक्षण शाळेत दाखल झाल्या. तिथे मेरी गूल्ड डेव्हिस यांच्या कथाकथनाच्या वर्गासाठी एक गोष्ट लिहून आणायची होती. बेलप्रे यांनी आजीची गोष्ट लिहिली: मार्तिना नावाची देखणी झुरळीण आणि पेरेझ नावाचा उंदीर. मार्तिना नटून सज्जात बसते. एकामागून एक मागणी घालणारे येतात आणि आपापला आवाज ऐकवतात. तिला भावतो तो पेरेझचा मंजुळ आवाज. लग्न होते. नाताळात ती खास गोड भात रांधते; पेरेझला वास अनावर होतो, तो वाकून पाहतो आणि पातेल्यात पडून मरतो. मार्तिना त्याच्यासाठी गात राहते. गोष्ट तिथेच संपते, तिला सुखान्ताचे ठिगळ नाही.

ही गोष्ट वर्गात गाजली. पण नियम आडवा आला: ती छापील नव्हती. अखेर त्यांना अपवाद म्हणून परवानगी देण्यात आली आणि पुरा बेलप्रे आपल्या स्मरणातल्या, कुठेही न छापलेल्या गोष्टी मुलांना सांगू लागल्या. त्याही दोन्ही भाषांत, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये.

या अपवादाचे मोल कळण्यासाठी त्या काळचे शहर डोळ्यांपुढे आणायला हवे. १९३५ साली न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी मंडळाने पूर्व हार्लेममधील पोर्तो रिकन शाळकरी मुलांची बुद्धिमापन चाचणी करविली आणि ही मुले बुद्धीने कमी असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. चाचणी इंग्रजीत होती. ज्या मुलांना शाळा अशा तराजूत तोलत होती, त्यांच्यासमोर सरकारमान्य भव्य इमारतीत, मेणबत्तीच्या उजेडात, कुणीतरी त्यांच्या आजीच्या भाषेत आजीचीच गोष्ट सांगत होते.

१९२९ साली बेलप्रे यांची नेमणूक ११५व्या रस्त्यावरच्या शाखेत झाली. तोवर पोर्तो रिकन वस्ती त्या भागात दाटली होती. इथे त्यांनी केवळ मुलांकडे लक्ष दिले नाही. त्या चर्चमध्ये गेल्या, वस्तीतल्या मंडळांच्या बैठकांना गेल्या आणि पालकांना सांगितले की ग्रंथालय तुमचेही आहे, इथे स्पॅनिश पुस्तके आहेत, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शाखेत स्पॅनिश पुस्तकांची खरेदी वाढली. ६ जानेवारीला तीन राजांचा सण ग्रंथालयात साजरा होऊ लागला. पोर्तो रिकोत आदल्या रात्री मुले राजांच्या जनावरांसाठी खोक्यात गवत भरून ठेवतात आणि सकाळी त्या जागी भेटवस्तू सापडतात. सण ग्रंथालयात आला तशी त्याच्यामागोमाग आई, मावशी, आजी असे सारे घर आले. मुलाला वाचते करायचे तर घराला उंबरठा ओलांडायला लावला पाहिजे, हे त्यांनी कोणत्याही परिपत्रकाविना ओळखले होते.

पुढे बाहुल्याही आल्या. शब्दांवर अडखळणारे मूल बाहुलीच्या आडून निःसंकोच बोलते, हा अनुभव कोणत्याही बालवाडीताईला नवा नाही. बेलप्रे यांनी पेरेझ आणि मार्तिनाच्या बाहुल्या केल्या आणि मुलांकडूनच प्रयोग बसवून घेतले.

१९३२ साली ‘पेरेझ अँड मार्तिना’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. अपवाद म्हणून सांगितली जाणारी गोष्ट आता नियमात बसली. मात्र ते पुस्तक निघाले इंग्रजीत. ज्या भाषेत आजीने ती सांगितली होती, त्या स्पॅनिशमधली आवृत्ती यायला १९६६ साल उजाडले. मधली चौतीस वर्षे ही कथा स्पॅनिशमध्ये जिवंत राहिली ती मुख्यतः तोंडीच.

१३५व्या रस्त्यावरच्या जुन्या शाखेत दरम्यान आणखी एक ग्रंथपाल याच दुखण्याशी झगडत होत्या. ऑगस्टा बेकर १९३७ साली तिथे आल्या आणि त्यांना आढळले की कृष्णवर्णीय मुले ज्यात दिसतात अशी पुस्तके मोजकीच, आणि जी आहेत त्यांत बहुतेक ठिकाणी ती टिंगलीचा विषय. त्यांनी नको ती पुस्तके बाजूला काढली आणि १९३९ साली मुलांना मान वर करून वाचता येईल असा वेगळा संग्रह उभा केला. १९६१ साली त्या साऱ्या शाखांच्या बालसेवेच्या प्रमुख झाल्या. म्हणजे मूर यांच्या जागी आल्या.

बेलप्रे यांनी १९४३ साली संगीतकार क्लॅरेन्स कॅमेरॉन व्हाइट यांच्याशी विवाह केला आणि लवकरच नोकरी सोडून त्या लेखनाकडे व पतीच्या दौऱ्यांकडे वळल्या. १९६० साली पती वारले. त्यानंतर त्या ग्रंथालयात परतल्या, स्पॅनिश भाषक मुलांसाठीच्या विशेष पदावर. आता एकाच शाखेत बसून भागणार नव्हते. शहरात जिथे जिथे स्पॅनिश बोलणारी मुले वाढली होती, तिथे तिथे त्या जात. १९६८ साली निवृत्ती आली, तर साउथ ब्रॉन्क्समधल्या ग्रंथालय प्रकल्पात त्यांनी पुन्हा काम धरले आणि तिथे बाहुलीनाट्य उभारले. ज्यांनी लहानपणी त्यांच्यासमोरची मेणबत्ती फुंकली होती, त्यांतले काही आता स्वतःची मुले घेऊन येत असणार, असे वाटते; चाळीस वर्षे हा हिशेब काही थोडा नव्हे.

१ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधील पोर्तो रिकन अभ्यासकेंद्रात जतन केली आहेत. १९९६ सालापासून अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनांतर्फे लॅटिनो लेखक-चित्रकारांच्या उत्तम बालपुस्तकांना पुरा बेलप्रे यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. पहिल्या वर्षी कथनासाठीचा पुरस्कार मिळाला ज्युडिथ ऑर्टिझ कोफर यांना. त्यांचा जन्म पोर्तो रिकोतला.