जुना खर्ज, नवा खर्ज

‘जुने ते सोने’ असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की, ते सोने मुळात कोणत्या सराफाच्या पेढीवर घडले, हे विचारायचे आपल्याला सुचतच नाही. बेस गिटार या वाद्याची हकीकत वाचताना मला ही म्हण वारंवार आठवली, आणि दर वेळी ती थोडी अधिक तपासून घ्यावी असे वाटू लागले.

बेस गिटार म्हणजे खर्जाची गिटार. तिला जाड तारा चार. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्या चित्रपटगीतांतूनही ती कितीदा तरी कानांवरून गेलेली असते. पण तिच्याकडे लक्ष जाते ते ती थांबली म्हणजे! घरातल्या कर्त्या बाईसारखेच हे. सारे घर तिच्यावर चाललेले असते, आणि कौतुक मात्र दुसऱ्यांचे होते.

पूर्वी हे खर्जाचे काम डबल बेस करी. हे वाद्य माणसाहूनही उंच, मोटारीत न मावणारे, आणि कर्ण्यांच्या गलबल्यात बुडून जाणारे. विजेवर चालणारा खर्ज करण्याचा प्रयत्न सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकात केला होता. पण तो फारसा रुजला नाही. तो रुजवला कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडरने. हा गृहस्थ मूळचा रेडिओदुरुस्तीवाला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९५१ साली त्याने जी बेस गिटार आणली तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. का? तर डबल बेसला पडदे नसत, आणि हिच्या दांडीवर सतारीसारखे पडदे होते. पडद्यावर बोट ठेवा, सूर बिनचूक लागलाच. १९६० मध्ये तिची धाकटी बहीण ‘जॅझ बेस’ आली. दांडी निमुळती, आणि आवाज टिपणारी चुंबकाची वेटोळी दोन.

आता गंमत पाहा. आज जुन्या वाद्यांचे शौकीन ज्या बेस गिटारी देव्हाऱ्यात ठेवाव्यात तशा जपतात, त्या कारखान्याचा माल होत्या. साच्यावरून यंत्राने कापलेले सपाट खोड. त्यावर चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली दांडी, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी लावावी. लाकूड सहज मिळणारे, आणि रंग तर मोटारींना देतात तो. तांब्याची बारीक तार चुंबकाभोवती गुंडाळण्याचे काम पगारी कामगार करीत. १९५६ साली तेथे नोकरीस लागलेल्या अबिगेल यबारा या बाईंच्या हातची वेटोळी पुढे लोक शोधत हिंडू लागले. पण त्या वेळी ती केवळ रोजची नोकरी होती.

१९६५ च्या जानेवारीत फेंडरने आपला व्यवसाय सीबीएस या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. उत्पादन वाढले, आणि ‘पूर्वीसारखा माल राहिला नाही’ ही तक्रारही वाढली. हाताने घडवलेल्या नव्या बेस गिटारींना वाव मिळाला तो याच असमाधानातून. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘अ‍ॅलेंबिक’ सुरू झाली. तिच्या कारागिरांनी मेपल, अक्रोड अशा लाकडांच्या पट्ट्या जोडून दांडी थेट खोडातून आरपार नेली, आणि वाद्याच्या पोटातच विजेवर चालणारी स्वरनियंत्रणे बसवली. १९७५ साली कार्ल टॉम्पसन याने अँथनी जॅक्सनसाठी सहा तारांची बेस गिटार घडवली. १९८३ मध्ये ब्रुकलिनला ‘फोडेरा’ उभी राहिली. येथे मात्र गिऱ्हाइकाचा हात पाहून, लाकूड निवडून, एकेक वाद्य घडते.

म्हणजे जुने ते कारखान्यातले, आणि हातचे ते नवे! आपली नेहमीची समजूत येथे साफ उलटी पडते.

मग सरस कोणते? कारागिरीच्या काट्यावर तोलले तर नवे, यात मला शंका नाही. जुन्या दांड्यांवर एखाद्या ठिकाणी सूर लवकर विरतो. जुन्या जॅझ बेसचे एकच वेटोळे चालू ठेवले की विजेची गुणगुण ऐकू येते. एकाच वर्षीची दोन वाद्ये वजनाला सारखी असतील याची खात्री नाही. नव्या कारागिरांनी हे दोष हेरले आणि पुष्कळसे दूर केले. शिवाय जुन्यांपैकी जी सुमार होती ती केव्हाच मोडीत गेली असणार. उरली ती निवडक. व्हायोलिनच्या बाबतीत तर २०१० साली इंडियानापोलिस येथे प्रयोगच झाला. २१ कसलेल्या वादकांना ओळखू येणार नाही अशा रीतीने तीन जुनी व तीन नवी व्हायोलिने वाजवायला दिली. सर्वांत पसंत पडले ते नवे, आणि सर्वांत नापसंत ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियस!

तरीही जुन्या खर्जाची ओढ सुटत नाही, आणि ती खुळचट आहे असेही मला वाटत नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर एकाच बोटाने वाजवी. सारे जग त्या गाण्यांवर नाचले. तबकड्यांवर त्याचे नाव मात्र कित्येक वर्षे छापले गेले नाही. जेको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले आणि पट्टीवर होड्यांना लावतात तो राळेचा लेप चढवला. ‘अचूक’ वाद्याचा अचूकपणा त्याने काढून घेतला, आणि ते गाऊ लागले! या दोघांना ऐकून पुढच्या पिढ्यांचे कान तयार झाले. खर्ज असाच असतो, हे त्या वाद्यांनीच शिकवले. मग नव्याची परीक्षा करायला बसलेला कान मुळात जुन्याचाच शिष्य ठरतो.

या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. जुन्यांपैकी बऱ्याच बेस गिटारींच्या पट्ट्या ब्राझीलच्या शिसवीच्या. ते लाकूड दुर्मिळ होत गेले, आणि १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्याची जागा बऱ्याच अंशी भारतीय शिसवीने घेतली. आपल्या पश्चिम घाटात वाढणारी, आजीच्या पलंगाची आणि कपाटाची तीच शिसवी. २०१७ पासून तिच्या व्यापारावरही निर्बंध आहेत. उद्याचा कारागीर कदाचित आणखी निराळे लाकूड घेईल, आणि त्या वेळचे लोक आजच्या वाद्यांना ‘जुनी’ म्हणून कवटाळतील.

मला एवढेच उमगले की, फुलर्टनच्या त्या कारखान्यातून बाहेर पडले ते सोने नव्हते, चांगल्यापैकी पितळ होते. त्याचे सोने वाजवणाऱ्यांनी केले. आजच्या कारागिराच्या हातून मात्र वाद्य मुळातच सोन्यासारखे येते. पण त्याच्यापुढचा प्रश्न तोच आहे. ते काचेच्या कपाटात जाणार, की कोणी जेमर्सन ते रात्रंदिवस घासून त्याचा रंग उडवणार? पन्नास वर्षांनी त्याची किंमत ठरेल ती त्या उडालेल्या रंगावरून.