तळटीप ३: ‘डोलकाठी एकट्याने, ताकदीने उभी केली’

३. इथे लेखक ‘ताकदीने’ म्हणतात. ‘बेताने’ म्हणायला हवे होते. छोट्या होडीची डोलकाठी बुडाशी बिजागरावर फिरते. आडव्या पडलेल्या काठीला नाळेकडून नुसता दोर लावून ओढले, तर जवळजवळ सगळी ओढ काठीच्या लांबीतून बुडाकडेच जाते. काठी जागची हलत नाही. म्हणून बुडाशी काटकोनात एक आखूड वासा उभा करतात, दोर त्याच्या टोकावरून घेतात आणि कप्प्यांतून सावकाश ओढतात. काठी चढते तसा वासा नाळेकडे आडवा होत जातो. खरी धास्ती काठी बाजूला कलंडण्याची. दोन्ही अंगांचे ताणदोर बिजागराच्या रेषेत, त्याच उंचीवर बांधलेले नसतील, तर काठी पुरती उभी होईपर्यंत ते ढिलेच लोंबतात.

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या ‘वेरी’ या मालवाहू होड्यांनी हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला होता. काठीच्या बुडाला टनभराहून जास्त वजन, बाजूचे ताणदोर मुळातच नाहीत! पॉटर हाईगमच्या ठेंगण्या मध्ययुगीन पुलापाशी पुढचा एकच दोर सैल करायचा, पलीकडे निघाल्यावर तो पुन्हा ओढायचा. १८९८ची ‘अल्बियन’ ही अशीच वेरी.

लेखकाच्या होडीत असे वजन नव्हते. पुढच्या परिच्छेदात ते मध्येच दोर खुंटीला बांधून मागे धावतात, ते कुठेतरी अडकलेला ताणदोर सोडवायला. एकट्या माणसाचा निम्मा वेळ यातच जातो.