इंजिन कोणाचे, शेड कोणाची?

जुलै २०२५मध्ये युनियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्न ही रेल्वे सुमारे ८५ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला आणि अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांच्या चाहत्यांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, आता युनियन पॅसिफिकचे ‘बिग बॉय’ हे वाफेचे इंजिन थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत धावेल. दुसरा म्हणतो, काटकसर सुरू झाली की पहिली कात्री वाफेवरच चालेल. भांडण जोरात असले तरी दोघांचे गृहीत एकच आहे: जतन केलेल्या इंजिनांचे भवितव्य विलीनीकरणावर ठरते. खोट आहे ती या गृहीतात.

निराशावाद्यांचा लाडका दाखला नॉरफोक सदर्नचाच. सदर्न रेल्वेने १९६६पासून वाफेच्या सहली चालवल्या, १९८२ साली ती नॉरफोक अँड वेस्टर्नशी एक झाली आणि १९९४अखेर सहली बंद पडल्या. म्हणजे विलीनीकरणाने त्या गिळल्या, असा हा युक्तिवाद. पण तारखा ओळीने मांडल्या की तो कोसळतो. रोअनोकच्या कारखान्यात १९५० साली घडलेले ६११ क्रमांकाचे इंजिन पुन्हा धावू लागले ते १९८२मध्येच. १२१८ हे त्याहून अजस्र इंजिन तर एकत्र झालेल्या कंपनीनेच १९८७ साली रुळांवर आणले. सहली थांबल्या त्या एकत्रीकरणानंतर बारा वर्षांनी, वाढती मालवाहतूक आणि खर्च यांकडे बोट दाखवून. तोवर ग्रॅहम आणि रॉबर्ट क्लेटर या वाफवेड्या बंधूंच्या हातून सूत्रे गेली होती आणि डेव्हिड गूड यांचा अंमल सुरू झाला होता.

बर्लिंग्टन रेल्वेची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या वाफेच्या सहली अध्यक्ष लुई मेंक यांनी १९६६ साली बंद केल्या. विलीनीकरणातून बर्लिंग्टन नॉर्दर्न जन्माला यायला तेव्हा चार वर्षे अवकाश होता.

आशावाद्यांकडे मात्र वजनदार पुरावा आहे, तो नाकारून चालणार नाही. कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न २०२३मध्ये एक झाल्या, तो सोहळा साजरा करायला १९३० सालचे २८१६ हे इंजिन २०२४मध्ये कॅल्गरीहून पार मेक्सिको सिटीपर्यंत गेले. पण हेच इंजिन २०१२ साली कॅनेडियन पॅसिफिकचे तेव्हाचे प्रमुख हंटर हॅरिसन यांच्या कारकिर्दीत बाजूला पडले होते, तेव्हा कुठले विलीनीकरण होते? ते पुन्हा पेटले नंतरचे प्रमुख कीथ क्रील यांच्या इच्छेने; विलीनीकरण हा नुसता मुहूर्त. आणि एका अध्यक्षाच्या मर्जीने पेटलेली भट्टी दुसऱ्याच्या मर्जीने विझू शकते.

यावर कोणी म्हणेल, विलीनीकरणामुळेच तर अध्यक्ष बदलतात. कधी कधी बदलतातही. पण १९६६, १९९४ आणि २०१२ या तिन्ही वेळा इंजिने थंडावली ती विलीनीकरणाशिवायच.

मग विलीनीकरण अजिबात बाधत नाही का? बाधते, पण भलत्याच ठिकाणी. सदर्न पॅसिफिकने ४४४९ हे इंजिन १९५८ साली पोर्टलंड शहराला देऊन टाकले होते. १९९६मध्ये सदर्न पॅसिफिक युनियन पॅसिफिकच्या पोटात गेली, तरी इंजिनाच्या केसालाही धक्का लागला नाही, कारण ते शहराचे होते. धोक्यात आली ती पोर्टलंडच्या ब्रुकलिन यार्डातली, ते जिथे उभे असे ती जुनी गोल शेड. ती आणि तिची जागा रेल्वेची होती, आणि त्या जागेवर कंटेनरांची वाहतूक वाढवायची होती. शेड पडली. पण इंजिनप्रेमींनी आधीच निधी जमवून नवे छप्पर उभारायला घेतले होते; २०१२ साली ऑरेगन रेल हेरिटेज सेंटर उघडले, म्हणून ४४४९ आज उघड्यावर नाही.

विलीनीकरण निर्णायक नसते, हेच खुद्द बिग बॉयचा इतिहास सांगतो. अशी पंचवीस इंजिने बनली, आठ उरली. ४०१४ वाचले ते पोमोनाच्या संग्रहालयात पडून राहिले म्हणून. २०१३मध्ये कंपनीने ते परत घेतले आणि २०१९मध्ये रुळांवर आणले. उलट ३९८५ हे चॅलेंजर इंजिन याच कंपनीने २०२२मध्ये इलिनॉयतल्या सिल्विसच्या एका संस्थेला देऊन टाकले. त्या वेळी नॉरफोक सदर्नच्या सौद्याचा मागमूसही नव्हता.

शिवाय कुठल्याही सौद्यापेक्षा कठोर असा एक हिशेब आहे. अमेरिकी नियमानुसार १,४७२ सेवादिवस किंवा पंधरा वर्षे, यांतले जे आधी भरेल तेव्हा बॉयलर उघडावा लागतो: नळ्या काढायच्या, पत्र्याची जाडी जागोजागी मोजायची, त्यावरून किती दाब झेपेल ते नव्याने मांडायचे. हे काम पैसा आणि कुशल हात दोन्ही मागते, मालक कोणीही असो.

तेव्हा वाफप्रेमींनी तर्कवितर्क सोडून तीन कागद तपासावेत: इंजिनाचा मालकीहक्क, शेडचा भाडेकरार आणि मार्गावर धावण्याची, विम्यासह, लेखी परवानगी. विलीनीकरणांना मंजुरी देणारे सर्फेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड अटी घालू शकते. तिथे आठवणींचे गहिवर घेऊन जाण्यापेक्षा या तिसऱ्या कागदाची मागणी घेऊन जावे. मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तरी पहिले दोन आपल्या नावावर असणे हाच पोर्टलंडचा धडा.