व्हॉल्व्हच्या बास ध्वनिवर्धकाची घरगुती दुरुस्ती : अंधेरीच्या संदर्भात एका भौतिक साधनाची इतिहासचिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी, ताम्रपट आणि शिलालेख यांचाच विचार प्रथम केला जातो. नजीकच्या भूतकाळातील वापरायची यंत्रे मात्र साधने म्हणून क्वचितच तपासली जातात. १९६० ते १९७५ या काळातील बास गिटारचा व्हॉल्व्ह ध्वनिवर्धक, म्हणजेच बोलीतील अ‍ॅम्प्लिफायर, हे असेच एक दुर्लक्षित साधन आहे. असे यंत्र घरी दुरुस्त करताना त्यातील ऐतिहासिक पुरावा उलगडत जातो आणि त्याच वेळी तो नष्टही होतो. या दुहेरी प्रक्रियेकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५१ मध्ये विद्युत बास गिटार आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी ‘बासमन’ हा ध्वनिवर्धक बाजारात आणला. पुढील दोन दशकांत हे वाद्य मुंबईच्या बीट वाद्यवृंदांत आणि चित्रपटसंगीतात स्थिरावले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बासवादन सर्वपरिचित आहे. ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिकांतून त्या काळातील हौशी वाद्यवृंदांचा आवाज आजही ऐकता येतो.

परदेशी ध्वनिवर्धक मिळवणे मात्र कठीण होते. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यामुळे अशा वस्तूंची आयात परवान्याच्या चौकटीत अडकली होती. १९९१ च्या उदारीकरणानंतरही उपभोग्य वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध पूर्णपणे उठण्यास एप्रिल २००१ उजाडले. परिणामी हाती आलेले यंत्र टाकून न देता पुन्हा पुन्हा दुरुस्त करणे ही आवड नसून गरज होती.

या गरजेला अंधेरीची भूमी अनुकूल होती. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीने उपनगरांत वीज आणली. १९५० मध्ये अंधेरी बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. १९४० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एको रेडिओ कंपनीचा, म्हणजे पुढील काळातील ‘नेल्को’चा, कारखाना महाकाली गुंफा मार्गावर होता. १९७३ मध्ये ‘सीप्झ’ हे निर्यातक्षेत्र सुरू झाले. सुटे भाग मिळवण्यासाठी लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गाचा, बाजार लोकलच्या अंतरावर होता. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवण्यास प्रारंभ केला, त्यामुळे देशी पर्यायही उपलब्ध झाला.

दोषनिदान आणि पुराव्याचे वाचन

दुरुस्तीची पहिली पायरी पाहणे ही आहे. मूळ झाळकाम आणि नंतरचे झाळकाम यांत चमक व जाडीचा फरक दिसतो. अमेरिकन बनावटीच्या पोटेन्शिओमीटरवर सांकेतिक अंक असतात. उदाहरणार्थ, १३७६६३२ या अंकांतील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ६६ हे १९६६ साल आणि ३२ हा त्या वर्षातील आठवडा होय. अर्थात यावरून सुट्या भागाचा काळ ठरतो; संपूर्ण यंत्र त्यानंतर केव्हातरी जुळवलेले असते.

दुसरी पायरी सुरक्षित विद्युतप्रवाहाची. जुने यंत्र थेट प्लगला न जोडता १०० वॅटचा साधा दिवा एकसरीत जोडून चालू केले जाते. दिवा क्षणभर उजळून मंद झाल्यास स्थिती बहुधा ठीक असते. तो प्रखर राहिल्यास आत कोठेतरी शॉर्ट असते. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक राहू शकतो. तो रोधकातून निचरून, मीटरने खात्री केल्याखेरीज आत हात घालणे जीवघेणे ठरते.

तिसरी पायरी ऐकण्याची. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. हीटरच्या किंवा अर्थिंगच्या दोषातून ५० हर्ट्झची गुणगुण येते, तर फिल्टर कंडेन्सर सुकल्यास १०० हर्ट्झची घरघर ऐकू येते. बासच्या सर्वांत जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ हर्ट्झचा, म्हणजे पहिल्या गुणगुणीच्या अगदी जवळचा असतो. दुसरी त्याच्या एक सप्तक वर असते. त्यामुळे सरावलेला वादक केवळ कानाने निदान करू शकतो. व्हॉल्व्हची पट्टी लालबुंद होत असल्यास कपलिंग कंडेन्सरची गळती प्रथम तपासावी.

येथे स्थानिक इतिहासही प्रकट होतो. ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेले यंत्र स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवले तरी वारंवारता बदलत नाही. ५० हर्ट्झवर त्याचा गाभा अधिक तापतो. अशा यंत्रात हाताने पुन्हा गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आढळला, तर तो समुद्रापार झालेल्या प्रवासाचा आणि येथील कारागिराच्या कौशल्याचा पुरावा ठरतो.

दुरुस्ती की विध्वंस?

वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना महत्त्व दिले. त्याच दृष्टीने पाहता बदललेला प्रत्येक भाग हा पोथीतील प्रक्षेपासारखा वाटेल. परंतु आपल्या विषयापुरता प्रक्षेप हाच अस्सल दस्तऐवज आहे. मूळ परदेशी भाग कारखान्याची कथा सांगतो, तर त्याच्या जागी बसवलेला भारतीय व्हॉल्व्ह टंचाईची, बाजाराची आणि अनामिक मिस्त्रीची कथा सांगतो. यंत्र ‘मूळ रूपात’ आणण्याच्या उत्साहात हा थर खरवडून काढणे म्हणजे मुंबईचा इतिहास पुसून अमेरिकेचा जपणे होय.

याउलट, काहीच न बदलण्याचा आग्रहही ग्राह्य नाही. सुकलेले कंडेन्सर आणि अर्थिंग नसलेली दोन तारांची वायर बदललीच पाहिजे, कारण पुराव्यापेक्षा माणसाचा जीव मोठा आहे. शिवाय मुके यंत्र आपला आवाज, म्हणजे आपली मुख्य साक्ष, देऊ शकत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे घेणे, काढलेले भाग दिनांकासह पाकिटात जपणे आणि केलेल्या बदलांची नोंद पेटीतच ठेवणे, हा मध्यममार्ग सुचवावासा वाटतो.

निष्कर्ष

कारखान्यांची कागदपत्रे निदान काही प्रमाणात उरतात. घरच्या टेबलावर झालेल्या दुरुस्तीची नोंद कोणी ठेवत नाही. ज्यांनी ही कामे केली, ती पिढी आज वृद्ध झाली आहे. इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांनी एकत्रितपणे त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि विद्यार्थ्यांकडून परिसरातील अशा यंत्रांची नोंदवही तयार करवली, तर उपनगराच्या श्रमसंस्कृतीचे एक अलिखित प्रकरण हाती लागेल. विलंब झाल्यास ध्वनिवर्धक कदाचित वाजत राहतील. परंतु ते कोणी वाजते ठेवले, हे सांगणारा पुरावा केरात गेलेला असेल.